आगळा मुक्काम

नाशिकच्या आसपास रात्र काढण्याच्या नव्या सोयी हल्लीं झपाट्यानें निघत आहेत. धरणाच्या कांठीं तंबू, द्राक्षमळ्यांत विश्रामगृहें. आणि जाहिरातींत एकच मंत्र: 'आगळा' मुक्काम! सुट्टींत चार घटका मौज केली तर बिघडलें कोठें, असें आमचे सुशिक्षित स्नेही विचारतात. मौजेस आमची हरकत नाहीं. तींतून गांवकऱ्यांस चार पैसे मिळतात, हेंही आम्ही मान्य करतों. आमचा आक्षेप 'आगळा' ह्या शब्दास आहे.

परदेशांत हौशी प्रवाशांस यर्ट भाड्यानें देतात. मंगोलियांतील पशुपालक त्या लोकरीच्या गोल तंबूंत राहतो तो गुरांमागें फिरावें लागतें म्हणून. त्याच्या गरजेची आम्ही करमणूक केली, एवढाच आमचा पराक्रम!

खरा आगळा मुक्काम पाहावयाचा असेल तर पांडवलेण्यांची चढण चढावी. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचे सुमारें १९०० वर्षांपूर्वींचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपूर, शूर्पारक आणि आपलें गोवर्धन येथें चौसोपी आश्रयस्थानें दिल्याचें त्यांत नमूद आहे. लेणें कोरवून तो थांबला नाहीं. पावसाळ्यांत तेथें राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं त्यानें गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेविले. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें, असें दगडांत कोरविलें. डोंगर फोडून केलेल्या खोलीहून आगळी खोली कोणती? तरीही लेखांत खोलीची ऐट नाहीं. तींत राहणाऱ्याची चिंता आहे. पंचवटींतील धर्मशाळा, देवळालीचीं सॅनिटोरियमें हीं त्याच वंशांतलीं.

आणि आम्ही? एका रात्रीच्या तंबूस भरमसाट भाडें मोजतों, आणि रामकुंडावर उघड्यावर निजलेल्या यात्रेकरूस ओलांडून घरीं येतों. दर बारा वर्षांनीं सिंहस्थांत लाखों माणसें येथें येतात; त्यांच्या रात्रीची काळजी सरकारावर टाकून आम्ही मोकळे होतों.

आमचें मागणें थोडकें आहे. ज्यांच्या हातीं शाळा आहेत, मंगल कार्यालयें आहेत, रिकामे वाडे आहेत, त्यांनीं पर्वकाळीं ते वाटसरूंस उघडून द्यावे. पाण्याची व शौचाची सोय करावी. वाड्याचें दार एका रात्रीपुरतें उघडावयास क्षत्रपाचा जांवई असावें लागत नाहीं.