मालकाचा देव आणि आजीचं बायबल

१९३५ साली हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय अमेरिकी धर्मोपदेशक भारत आणि तेव्हाच्या सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबोच्या लॉ कॉलेजातल्या व्याख्यानानंतर त्यांना एक प्रश्न विचारला गेला. तुमच्या पूर्वजांना पकडून नेणारे ख्रिस्ती, विकणारे ख्रिस्ती, आजही झाडाला लटकवून मारणारे ख्रिस्ती. मग तुम्ही ख्रिस्ती कसे? त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं होतं.

एम.ए.ला असताना वर्गात मीही हाच प्रश्न विचारला होता, जरा तोऱ्यातच. आम्ही सोडला, यांनी का नाही सोडला? घर बौद्ध, त्यामुळे उत्तर सोपं वाटत होतं.

थर्मन यांचं उत्तर १९४९ मध्ये ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात आलं. त्यात त्यांची आजी भेटते. ती गुलामीत जन्मलेली, निरक्षर. नातवाकडून बायबल वाचून घ्यायची. पण पौलाची पत्रं, एखादा अध्याय सोडला तर, वाचू द्यायची नाही. का, तर मालकाचा पाद्री गुलामांपुढे नेहमी तोच भाग काढायचा : दासांनो, धन्याची आज्ञा पाळा. अक्षर न येणाऱ्या बाईने धर्मग्रंथातला कोणता भाग आपला नाही, हे स्वतः ठरवलं होतं. कापाकापी मालकांच्या बाजूनेही चालू होतीच. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला जे बायबल छापलं, त्यातून इजिप्तच्या गुलामीतून लोक सुटल्याची कथाच वगळली होती.

फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रात मालक थॉमस ऑल्ड १८३२ मध्ये एका मेथडिस्ट मेळाव्यात धार्मिक होतो. आता हा माणसात येईल, अशी डग्लसना आशा. झालं उलटं. एका अपंग तरुणीला चाबकाने मारताना तो बायबलचं वचन म्हणू लागला. डग्लस गुलामांना बायबल वाचायला शिकवू लागले, तर त्याच पंथाच्या पुढाऱ्यांनी काठ्या-दगड घेऊन ती रविवारची शाळा उधळली. म्हणून पुस्तकाच्या शेवटी डग्लस स्पष्ट करतात : माझा विरोध गुलाम बाळगणाऱ्यांच्या ख्रिस्ती धर्माला आहे, ख्रिस्ताच्या धर्माला नाही.

आपल्याला हा फरक करता आला असता का? मला वाटतं, नाही. वर्णद्वेष्ट्यांना बायबलमध्ये काळा रंग ओढूनताणून वाचावा लागला. जातीसाठी तेवढे कष्ट पडत नव्हते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये (१९३६) बाबासाहेबांचा मुद्दाच हा, की जात शास्त्रांच्या पावित्र्यावर उभी आहे. एखादं पान वगळून भागण्यासारखं ते नव्हतं. त्यामुळे ते धर्मात राहिले म्हणून दुबळे ठरत नाहीत, आणि आपण बाहेर पडलो म्हणून आपलं सगळं सुटलं, असंही नाही.

या दुसऱ्या गोष्टीसाठी जेम्स बॉल्डविन वाचायला हवेत. चौदाव्या वर्षी ते हार्लेममध्ये प्रवचनं देऊ लागले आणि सतराव्या वर्षी त्यातून बाहेर पडले. ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ (१९५३) या त्यांच्या कादंबरीतला गॅब्रिएल हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आहे. चर्चमध्ये पवित्र, घरात मारझोड करणारा. लग्नाबाहेर झालेलं स्वतःचं मूल त्याने नाकारलेलं. गोऱ्यांचा द्वेष दाराबाहेर आहेच. पण त्या घरातला पोरगा जॉन घाबरतो तो बापाला आणि बापाच्या देवाला. आपल्यावर वरून अन्याय होतो, तोवर घरातलं बोलू नये, ही सवलत बॉल्डविन स्वतःच्या समाजाला देत नाहीत.

आपल्याकडे हे बायांनी केलं. बेबीताई कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं, आणि ती वही वर्षानुवर्षं घरातच राहिली. आज आपल्यातल्याच एखाद्या पोरीने वस्तीतल्या, विहाराच्या कमिटीतल्या, जयंतीच्या मंचावरच्या गॅब्रिएलवर कादंबरी लिहिली, तर आपण ती वाचणार, की तिला चळवळद्रोही ठरवणार?