मलेरिया निगेटिव्ह आला म्हणजे विषय संपला का, साहेब?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघानं माणूस मारला की दुसऱ्या दिवशी कॅमेरे लागतात, वनखातं येतं, नेते येतात, २५ लाखांच्या मदतीची फाईल हलते. हललीच पाहिजे. पण त्याच जंगलाच्या कडेला, उंदरांच्या अंगावर पोसलेल्या, डोळ्याला धड न दिसणाऱ्या किड्यानं माणूस गेला तर? लोक म्हणतात, "तापानं गेला." संपलं.

मी बोलतोय स्क्रब टायफसबद्दल. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विदर्भात याची साथ आली, नागपुरात पेशंट भरती झाले, माणसं दगावली. लोक विचारत होते, हा कोणता नवा रोग? नवा कसला! दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिक यानं आजारी पडत होते.

धुऱ्यावरचं गवत, झुडपी जंगल, तणसीचे ढीग, तिथले उंदीर आणि घुशी. त्यांच्या अंगावर चिगर माइटची पिल्लं पोसतात. तीच पिल्लं गवतात बसलेल्या माणसाला चावतात आणि जंतू अंगात जातो. नुसते उंदीर मारून हे थांबत नाही, कारण माइटच्या अंड्यातून जंतू पुढच्या पिढीत जातो. वरून आपण उंदीर खाणारी धामण दिसली की काठी घेऊन धावतो!

आता आपल्याकडे काय होतं बघा. ताप आला की आशाताई बोटातून रक्त घेऊन मलेरिया तपासतात. बरोबरच आहे, गडचिरोलीत ते हवंच. पण निगेटिव्ह आला की पुष्कळदा पॅरासिटामॉल, एक सलाईन आणि "व्हायरल आहे, घरी जा". आठवडाभरात दम लागतो, किडनी बिघडते, कधी मेंदूला सूज येते. मग धावाधाव. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर आहे, हे एसी केबिनमध्ये बसून कळत नाही.

चीड याची येते की औषध स्वस्त आहे. डॉक्सीसायक्लिन. वेळेत सुरू झालं तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. गरोदर बाईसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे. संशय असेल तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करा, असं आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१५ पासून लिहिलेलं आहे. गोरखपूरकडे वर्षानुवर्षं मुलं मेंदूज्वरानं मरत होती. तपासलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच मुलांमध्ये हाच स्क्रब टायफस निघाला. आपण तेवढे मृत्यू मोजायची वाट पाहायची का?

कोणी म्हणेल, लोकांनीच काळजी घ्यावी, अंगभर कपडे, गमबूट घालावे. बांधीत गुडघाभर चिखलात गमबूट घालून रोवणा कोण करतं? सांगणाऱ्यानं एक दिवस करून दाखवावा. तेंदूपत्ता, सरपण, निंदण सोडून लोकांनी खायचं काय? शेतातून आल्यावर साबणानं आंघोळ करा, कपडे बदला, उघड्या गवतावर झोपू नका, हे मीही सांगतो. पण लोकांना उपदेश केला म्हणजे दवाखान्याची जबाबदारी संपत नाही.

दुसरा आक्षेप, सरसकट अँटिबायोटिक नको. मान्य. सरसकट मागतंय कोण? पाच दिवसांवर ताप, मलेरिया-डेंग्यू निगेटिव्ह, माणूस शेतात-जंगलात जाणारा. एवढं दिसलं की डॉक्टरांना संशय आलाच पाहिजे.

मागण्या तीनच आहेत:

१) अशा पेशंटची काख, जांघ, कंबर, स्तनाखालची जागा नीट तपासा. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा डाग सापडू शकतो. बायांसाठी आडोसा आणि नर्सताई हवी. डाग नसला म्हणून आजार नाही असं समजू नका.

२) पावसाळ्यापासून धानकापणी संपेपर्यंत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही दोन्ही औषधं शिल्लक असली पाहिजेत.

३) दोन्ही जिल्ह्यांत एलायझा तपासणीचा रिपोर्ट वेळेत मिळावा आणि तालुकावार आकडे दर आठवड्याला जाहीर व्हावेत. आकडेच नसतील तर बजेट कशाच्या जोरावर मागणार?

आणि तुम्ही, वाचणारे. मनानं गोळ्या घेऊ नका. पण घरात कोणाचा ताप हटत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "स्क्रब टायफस तर नाही ना?" डॉक्टर चिडले तरी चालतील. आपल्या जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला हाच प्रश्न विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथं खाली लिहा.