स्मृतिभ्रंश पन्नाशीत, अन् योजना साठीनंतर!

जिंतूर : विसरण्याचा आजार म्हाताऱ्यांचा, असं आपल्याकडं धरूनच चालतात. पण जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी १९०१ साली ज्या बाईला तपासलं अन् पुढं या आजाराला त्यांचं नाव पडलं, ती बाई ५१ वर्षांची होती. कमी वयात तर सुरुवात विसरण्यातूनच होते असंही नाही. स्वभाव बदलतो, हिशेब चुकतो, माणूस चारचौघांत भलतंच बोलतो. गावात मग दारू, टेन्शन नाहीतर 'बाहेरचं' असा निकाल लागतो अन् दवाखान्याआधी देवऋषी गाठला जातो. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड किंवा डोक्यात साकळलेलं रक्त यामुळंही असंच होतं आणि ते वेळेत कळलं तर सुधारू शकतं. उशीर महागात पडतो तो इथं.

खरा भार घरच्या बाईवर. म्हाताऱ्याला लेक-सून तरी असते. पन्नाशीच्या कारभाऱ्याची लेकरं शिकत असतात, पीककर्ज त्याच्या नावावर असतं. गडी अंगानं धडधाकट. कधी विहिरीकडं जाईल, कधी मोटारीच्या स्टार्टरला हात घालील, नेम नाही. बँकेत सही जुळत नाही, ओटीपी कुणालाही सांगून बसतो. तिनं रोजानं जायचं का त्याला राखायचं?

देशात ८८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज सांगतात, तो ६० वर्षांपुढचाच. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ साठीनंतर, श्रावणबाळ योजना पासष्टीनंतर. वयाची आडकाठी नसलेला नंबर म्हणजे टेलि-मानसचा १४४१६. फुकट, मराठीत, रात्रीसुद्धा. रुग्णाला सांभाळून थकलेल्या बाईनंही तिथं बोलावं.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २५०० रुपये आहेत. अडतं ते प्रमाणपत्रापाशी. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचं वेगळं नाव नाही. मात्र त्यातल्या 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत स्मरणशक्ती बिघडणं येतं, हे अर्ज करताना ठासून सांगावं. चालत-बोलत आलेल्या माणसाला दिव्यांग कसं म्हणायचं, हा सवाल होणारच. डॉक्टरांचे जुने कागद सोबत लागतात. चारठाणा, बोरीकडून परभणीच्या चकरा मारायच्या म्हणजे दर खेपेला दोघांचं भाडं अन् बुडालेला रोज.

सुरुवात आशाताईंच्या फॉर्मपासून करता येईल. तो तिशीपुढच्या सगळ्यांचा भरतात. पण जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरता का, हा प्रश्न त्यात साठीपुढच्यांनाच आहे. तो चाळिशीपासून विचारायला जादा खर्च लागत नाही.