पोरांच्या मनाचा खर्च

मागच्या महिन्यात एका खेड्यात मंगलपरिणयाला गेलो होतो. पंगत उठली तशी एका आईने आम्हाला बाजूला बोलावले. दहावीत नापास झाल्यावर तिच्या मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचला. "डॉक्टरांनी जीव वाचवला, भाऊ. पण आता तो घरात बोलत नाही. पडून राहतो, नाहीतर पाराच्या मागे पत्त्यात बसतो. याला कुठं दाखवू? आणि पोलिस तर धरणार नाहीत ना?"

पहिल्यांदा ही पोलिसांची भीती काढू या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे, उलट सिद्ध झाले नाही तर, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे. त्याच्यावर खटला भरायचा नाही. त्याच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे. दवाखान्यात जबाब घेतला म्हणून आईबापांनी लपूनछपून राहण्याचे कारण नाही.

आता कुठे दाखवायचे? २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. तो १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत त्याचे 'मैत्री क्लिनिक' असते. तिथे समुपदेशक, म्हणजे ऐकून घेऊन वाट दाखवणारा माणूस असावा अशी योजना आहे. गावच्या आशाताईंना विचारावे. फोनवर बोलायचे तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्रीही लागतो.

पण त्या आईच्या तालुक्याला फलक होता, खुर्ची रिकामी होती. दोन फेऱ्यांत दोन रोज बुडाले, बसभाडे वेगळे. शिवाय समुपदेशक भेटला तरी तासभर बोलेल. बाकीच्या दिवसाचे काय? संध्याकाळी पोराने पाराऐवजी कुठे जायचे?

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सोलापूरला १९२५ मध्ये सभेने वसतिगृह काढले हे आपल्याला पाठ असते. पण याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि महार हॉकी क्लबही चालवला, हे फार जण विसरतात. होय, हॉकी! आपली तरुण पोरे जुगार आणि दारूच्या वाटेला जाऊ नयेत म्हणून. त्या काळच्या आपल्या लोकांची कमाई ती काय? तरीही पोरांच्या खेळावरचा खर्च कोणी वायफळ मानला नाही.

आज पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. आमच्या पाहण्यात हा पैसा बहुतेक गटारे आणि दिवे यांतच जातो. किती जमा झाले, कशावर गेले, हे विचारण्याचा हक्क गावकऱ्यांना आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा भरते, तिथे मायबहिणींनी विषय काढावा. कॅरम, व्हॉलीबॉल, पुस्तके, पंधरवड्याला एकदा येणाऱ्या समुपदेशकाचे भाडे. लगेच मंजूर होईल असे आम्ही म्हणत नाही. पण मागणी ठरावाच्या वहीत लिहून घ्यावी. तोंडी मागणी सभा संपली की संपते.

आणि दुसरा पैसा आपल्याच खिशात आहे. १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या साउंडवर किती जातात? आम्हीही त्या आवाजापुढे नाचलो आहोत, म्हणून दुसऱ्याला नावे ठेवत नाही. त्या गावच्या पोरांपुढे हिशोब मात्र मांडला. ६० घरे, महिन्याला घरटी १० रुपये, म्हणजे ६०० रुपये. तेवढ्यात विहाराचा दिवा, चार पुस्तके आणि कॅरमची पावडर भागते. विहार तिथे फक्त पौर्णिमेला आणि जयंतीला उघडते. पोरे तयार झाली. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते काका म्हणाले, "भिंती खराब होतील." दोन म्हाताऱ्या बायांनी त्यांना तिथेच घेरले, तेव्हा रोज सात ते नऊ उघडायचे कबूल केले.

आईला १४४१६ कागदावर लिहून दिला. तिने फोन लावला का, आणि काका दार उघडतात का, हे बघायला येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.