आधी पाऊल, मग उमेद

नैराश्यात अनेकांना सगळ्यात जड जाते ती सकाळ. पहाटे तीन-चारलाच जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही आणि उजाडले तरी अंथरुणातून उठवत नाही. दात घासायचे, चहाचे आधण ठेवायचे, आंघोळीचे पाणी काढायचे, ही रोजची कामे डोंगराएवढी होऊन समोर उभी राहतात. दुपार कलल्यावर जरा हलके वाटते, आणि मग त्याच माणसाला वाटू लागते की सकाळी आपण उगाचच पडून राहिलो. याच अपराधी भावनेत रात्र जाते आणि पुन्हा तीच पहाट येते.

चार दिवसांची उदासी म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खिन्न राहिले किंवा आवडीच्या गोष्टींतला रस गेला आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली, की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. दवाखान्यात मात्र ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत फारसे कोणी येत नाही. ‘डोके जड राहते’, ‘हातपाय गळून गेलेत’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘फार टेन्शन आहे’ अशा तक्रारी असतात. त्या खऱ्याच असतात. हा आजार शरीरातूनही बोलतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेणे योग्यच, पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस ठणठणीत आहे असे नाही.

मन लागत नाही म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी संध्याकाळचा कट्टा सुटतो, मग भजनी मंडळ, मग मैत्रिणीचा फोन उचलणे. यातल्या प्रत्येक गोष्टीतून दिवसाला थोडा थोडा आनंद मिळत होता, काहीतरी जमल्याचे समाधान मिळत होते. ते आटले की मन आणखी खचते आणि आणखी काहीतरी सुटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७०च्या दशकात हे चक्र उलगडून मांडले. उमेद आली की करू, असे म्हणून थांबले तर ती येत नाही, कारण ती ज्या कामांतून यायची ती कामेच बंद पडलेली असतात. म्हणून उपचाराची सुरुवात उलट्या टोकाने करायची: इच्छा नसताना छोटी कृती, आणि इच्छा मागाहून. मानसशास्त्रज्ञ नील जेकब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९६च्या अभ्यासात, विचार बदलण्याचे सगळे प्रयत्न बाजूला ठेवून फक्त कृतीवर भर दिलेल्या रुग्णांनाही संपूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच फायदा झाला.

रोजच्या जगण्यात हे असे उतरते. एका साध्या वहीत दिवसाचे तास लिहायचे, प्रत्येक तासापुढे काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची दोन-चार शब्दांत नोंद करायची. आठवड्याभरात दिसू लागते की दुपारी गादीवर पडल्यापडल्या मोबाइल पाहिला की मन अधिक बुडते, आणि अंगणातल्या झाडांना पाणी घातले की किंचित वर येते. मग पुढच्या दिवसात त्या किंचित बऱ्या गोष्टीला ठरावीक वेळ द्यायची. काम जितके छोटे करता येईल तितके करायचे. ‘आंघोळ’ झेपत नसेल तर ‘टॉवेल घेऊन मोरीपर्यंत जाणे’ एवढेच आजचे काम. ‘घर आवरणे’ नको, एक खुर्ची रिकामी करणे पुरे. करताना छान वाटलेच पाहिजे अशी अट घालायची नाही. सुरुवातीला बहुधा वाटत नाही. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी, झोप कशीही झालेली असो.

घरच्यांचे शब्द इथे फार मोठी भूमिका बजावतात. ‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण पाय मोडलेल्याला ‘चालायला लाग’ म्हणण्यासारखाच तो निरुपयोगी आहे. ‘जा, जरा फिरून ये’ याने काही होत नाही. ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणत स्वतः चपला घातल्या तर होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या सुवर्णकमळ मिळालेल्या मराठी चित्रपटात खचलेल्या तरुणाला आधार मिळतो तो असाच, प्रश्नांचा भडिमार न करता दिलेल्या सोबतीतून.

सगळ्यात अधिक दुर्लक्ष होते ते घरातल्या बाईकडे. तिला अंथरुणात पडून राहण्याची सोयच नसते. डबे भरले जातात, पोळ्या लाटल्या जातात, सासूबाईंचे औषध वेळेवर दिले जाते. सगळे चाललेले दिसते, म्हणून तिला काही झाले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कित्येकदा तिच्या स्वतःच्याही. ती फक्त बोलायची कमी होते, चिडते, ओट्यापाशी उभी असताना डोळे भरून येतात. तिला ‘कामात मन गुंतव’ म्हणणे हा अन्याय आहे. तिचे हात आधीच कामात बुडालेले असतात. संपलेले असते ते तिचे स्वतःचे असे काही. तिच्या वहीत आणखी एक काम भरायचे नसते, उलट एक काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यायचे असते, म्हणजे अर्धा तास तिच्या गाण्याला, शेजारच्या वहिनींकडे बसायला किंवा नुसते गच्चीवर उभे राहायला मोकळा होतो. हा अर्धा तास म्हणजे चैन नव्हे, उपचार आहे.

कृतीतून होणारा हा उपचार मोठ्या रुग्णालयांपुरता नाही, हे गोव्याने दाखवले. डॉ. विक्रम पटेल सहसंस्थापक असलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेली ही माणसे सहा ते आठ भेटींत रुग्णाला कृतीकडे नेत. २०१७च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

आजार तीव्र असेल तर वही पुरत नाही, औषध लागते. गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता झाली की अनेक जण नेमके तेव्हाच औषध सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ते सहसा निदान सहा महिने चालू ठेवायचे असते, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे असते. झोप लागावी म्हणून दारूचा आधार घेणे घातक आहे. तिने झोपही मोडते आणि नैराश्यही वाढते.

जगण्यात अर्थ नाही, आपण नसलो तर बरे, असे कोणी बोलू लागले तर ते मनावर घ्यावे आणि सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे उतरायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, विनामूल्य आहे, आणि पलीकडचा माणूस मराठीतही बोलतो.