खापराची नोंद

परंड्याच्या मुलांना इतिहास परका नाही. शाळेत जाता-येता किल्ल्याचे बुरूज त्यांच्या दृष्टीस पडतात. विजापूरची मुलूखमैदान तोफ एके काळी याच किल्ल्यावर होती, हेही ती वडीलधाऱ्यांकडून ऐकतात. परंतु इतिहास पायांखालच्या मातीतही असतो, हे केवळ पाठ्यपुस्तकातून उमगत नाही. त्यासाठी शाळांनी मुलांना आपल्याच जिल्ह्यातील तेरला न्यावे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तेथील साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याचे नमूद आहे. कापडाच्या दुकानात वाढणाऱ्या मुलाला हे सांगून पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी त्याला शेजारचाच वाटू लागेल. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेथील वस्तुसंग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली.

गेल्या हिवाळ्यात मी नातवाला तेरला नेले होते. गावाच्या पांढरीच्या कडेला त्याला एक लाल खापर दिसले. ते खिशात घालत त्याने विचारले, “आजोबा, याचे किती येतील?”

मी म्हणालो, “बाळ, आपल्या रोजमेळाचे एक पान फाडून बाजारात नेले, तर त्याचे कोण काय देईल? आणि मागे राहिलेल्या वहीचा हिशेब तरी लागेल का?”

वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरून अभ्यासक तिचा काळ ठरवितात. ती हलली की नोंद पुसली जाते. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरातन ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. न दिलेली वस्तू घेऊ नये, हा संस्कार तर आपल्या घरांत नवा नाही.

सहलीपूर्वी शिक्षकांनी वर्गात एवढे समजावून सांगावे. मुलांनी सोबत वही, पेन्सिल व मोजपट्टी न्यावी. कोठे उत्खनन चालू असेल, तर परवानगी घेऊन कडेला उभे राहून ते पाहावे. पाहावे, मोजावे, चित्र काढावे. उचलू मात्र नये.

नातवाने खापर होते तेथेच ठेवले. त्याच्या वहीत आता त्याचे चित्र आहे. खाली दिनांक आणि ठिकाण लिहिले आहे.