अण्णांचं घड्याळ आणि नवी डायल

तुमच्याही घरात कपाटाच्या एखाद्या कप्प्यात जुनं चावीचं घड्याळ पडून असेल. आजोबांचं, वडिलांचं, कदाचित आत्याला लग्नात मिळालेलं. ते दुरुस्तीला नेणार असाल, तर आधी माझी चूक ऐकून घ्या.

माझ्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, एचएमटीचं १७ ज्वेलचं ‘जनता’ होतं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. नंतर कितीतरी वर्षं नोकरी लागली की एचएमटी घ्यायचं, हे घरोघरी ठरलेलंच. अण्णांनीही पहिल्या पगारातून घेतलं. त्याची पांढरी तबकडी पिवळसर झाली होती आणि चारच्या खुणेजवळ एक तपकिरी डाग होता. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडताना पाणी आत गेलं होतं, त्याचा. ती गोष्ट आम्ही भावंडं जेवताना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो.

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाआधी मी गुपचूप ते घड्याळ दुरुस्तीला दिलं. “मॅडम, डायलपण नवी करून देऊ का?” असं विचारलं गेलं आणि मी हो म्हणाले. कार्यक्रमात अण्णांनी घड्याळ हातात घेतलं, अंगठ्याने काच पुसली, चारच्या जागी पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. कोणाचं आहे?”

डायल नवी करतात म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. जुना रंग आणि अक्षरं पूर्ण काढून टाकतात, नवा रंग मारतात आणि त्यावर नव्याने छापतात. एकदा हे झालं की मागे फिरता येत नाही. कारखान्यात कोरलेल्या साच्यातली शाई मऊ गादीने उचलून तबकडीवर ठेवलेली असते, त्यामुळे बारीक अक्षरंही रेखीव येतात. भिंगातून बघा: नव्या छपाईत अक्षरांच्या कडा बऱ्याचदा पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, स्विस घड्याळ असेल तर सहाच्या खालची ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरं गायब असतात किंवा सरकलेली असतात. आणि तबकडी कोरी करकरीत पण काटे मात्र डागाळलेले, असं असेल तर शंका घ्यायलाच हवी.

माझं मत स्पष्ट आहे. तेलपाणी करा, स्प्रिंग बदला, ओरखडलेली काच बदला, पट्टा तर बदलावाच लागतो. हे भाग झिजण्यासाठीच असतात. तबकडीला मात्र हात लावू देऊ नका. दुकानात घड्याळ टाकताना “डायल आहे तशीच ठेवा” हे तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून घ्या.

आता कोणी म्हणेल, आमच्या आजोबांनीच ३० वर्षांपूर्वी डायल रंगवून घेतली होती, मग ते घड्याळ खोटं का? मुळीच नाही. संग्राहक त्याला कमी किंमत देतील, देऊ देत. ज्याने ते वापरलं त्याच्याच इच्छेने झालेला बदल हा त्या घड्याळाचाच इतिहास. पण रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि हे सर्रास चालतं.

एक सूचना, खास करून पालकांसाठी. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या खुणांसाठी रेडियम वापरत. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, कारण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. असं घड्याळ मुलांना उघडू देऊ नका.

‘इतिहासाची साधने’ शिकवताना मी हल्ली अण्णांचं घड्याळ आणि त्यांचा एक जुना फोटो, दोन्ही वर्गात नेते. फोटोत मनगट नीट दिसतं. डाग कुठे गेला, हे मुलं विचारतातच. मग मी खरं ते सांगते. मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग तुम्ही आधी अण्णांना का नाही विचारलं?”